बाबांच्या विनोदी कात्रणांच्या वह्या: घर लहान होतंय म्हणून फाडू नका

ताई, आधी तुमची अडचण माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय धरून बोलतेय ते कळेल. गिरगावातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, आई तीन खोल्यांतून आधी भाड्याच्या वन आरकेत आणि मग दोन-तीन वर्षांनी नव्या फ्लॅटमध्ये जाणार, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या १४ कात्रणवह्या निघाल्यात, १९५७-५८ पासून साधारण नव्वदीपर्यंतचे चुटके, व्यंगचित्रं, पॉकेट कार्टून, विनोदी सदरं, सगळं कापून चिकटवलेलं. कागद तांबूस झालाय, कडा मोडतायत, दोन वह्यांना कसर लागलीय. भाऊ म्हणतोय सगळं स्कॅन करू आणि वह्या रद्दीत देऊ, वहिनी म्हणतायत चांगली शंभरेक कात्रणं कापून लॅमिनेट करू आणि एक फाईल करू. हातात दीड-दोन महिने आहेत.

मी बरीच वर्षं जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते, ग्रंथालयांचं आणि लोकांच्या घरचंही, आणि जुन्या इमारती पाडायला निघाल्या की अशा वह्या येतातच. माझं मत सरळ आहे. वह्या फाडू नका, कात्रणं सोडवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. जागा नसेल तर कमी वह्या ठेवा, पण ज्या ठेवाल त्या अख्ख्या ठेवा.

का ते सांगते. यातली बरीचशी व्यंगचित्रं सुटी सुटी बघायची झाली तर कुठे ना कुठे सापडतात. आर. के. लक्ष्मण यांचं पॉकेट कार्टून १९५१ पासून टाइम्समध्ये येत होतं, त्याचे संग्रह छापून झालेत. 'मार्मिक' १९६० च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, 'आवाज'सारखे दिवाळी अंक तर कितीतरी वाचनालयांत आणि हौशी लोकांच्या कपाटात जपून ठेवलेले आहेत. पण तुमच्या बाबांनी त्या दिवशीच्या पेपरातून नेमकं हेच का कापलं, कशाच्या शेजारी लावलं, आणि समासात पेनाने काय लिहिलं, हे त्या वहीशिवाय जगात कुठेच नाहीये. माझ्याकडे आलेल्या एका वहीतलं पान सांगते. डावीकडे रेशनच्या रांगेवरचं व्यंगचित्र, त्याच्या खाली साखरेच्या तुटवड्याची खरीखुरी बातमी मुद्दाम लावलेली, आणि मधल्या दोन बोटं जागेत निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलेलं, "हे आपल्या वाण्याला दाखवलं. हसला नाही." आता यातलं व्यंगचित्र तेवढं कापून लॅमिनेट केलं असतं तर बातमी आणि ती ओळ दोन्ही रद्दीत गेली असती, आणि खरं सांगायचं तर त्या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट ती ओळच होती.

भावाच्या मुद्द्याबद्दलही बोलते कारण तो चुकीच्या हेतूने म्हणत नाहीये, आणि स्कॅन तर करायचंच आहे. फक्त स्कॅन झालं म्हणजे मूळ टाकून द्यायला मोकळे झालो असं होत नाही. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालंय. तिथल्या लायब्ररींनी जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म (पानांचे अगदी लहान फोटो असलेली फिल्म) काढली आणि मूळ अंक काढून टाकायला सुरुवात केली, आणि ती फिल्म काळी-पांढरी, म्हणजे रविवारच्या रंगीत चित्रपट्ट्यांचे रंग गेलेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड या माणसाने १९६८ मध्ये त्यासाठी एक संस्थाच काढली आणि असे टाकून दिलेले अंक गोळा करून त्यातल्या चित्रपट्ट्या कापून लावत स्वतःचं घर भरून टाकलं. तो सगळा संग्रह शेवटी नव्वदीच्या अखेरीस ओहायो स्टेट विद्यापीठाने घेतला तेव्हा न्यायला सहा मोठे ट्रक लागले, वजन जवळपास ७५ टन होतं. आज अमेरिकन कॉमिक्सवर अभ्यास करणारे लोक त्या कात्रणांवर अवलंबून आहेत. तुमच्या १४ वह्यांना एक कपाटाचा खण लागेल, बस.

आता कागदाकडे येते. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो, त्यातलं लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारा घटक) काढलेलं नसतं. उजेड, हवा आणि ओल मिळाली की ते पिवळं-तांबूस होतं, आम्ल तयार होतं आणि ते आम्ल कागदाचे धागे तोडत जातं, म्हणून कोपरा दुमडला की मोडतो. हे थांबवता येत नाही, मंद मात्र नक्की करता येतं. गंमत अशी की वर्तमानपत्राची छपाईची काळी शाई काजळीची असते, ती फारशी उडत नाही, कागद कितीही तांबूस झाला तरी चित्र वाचता येतं. पटकन जातं ते बाबांचं अक्षर. फाउंटन पेनची रॉयल ब्लू शाई उजेडाने फिकी पडते आणि पाण्याचा एक थेंब पडला की पसरते, त्यामुळे वह्या हाताळताना तुम्ही आधी जपायचं ते हस्ताक्षर, छापील मजकूर नंतर.

वही कशाची आहे तेही बघा. त्या काळात लोक जुन्या खतावण्या, कंपनीकडून भेट मिळालेल्या डायऱ्या, ड्रॉइंगच्या वह्या, काय मिळेल त्यात चिकटवायचे. खतावणीचा कागद बऱ्याचदा वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा कितीतरी चांगला निघतो आणि त्याने आतल्या कात्रणांना आधारच दिलेला असतो. खाकी किंवा काळ्या-रंगीत जाड पानांची बाजारू स्क्रॅपबुकं मात्र स्वतःच आम्लधर्मी असतात, त्यांची पानं शिलाईपाशी तुटतात. तुमच्या १४ मध्ये दोन्ही प्रकार असतील, तेव्हा प्रत्येक वहीकडे वेगळ्या नजरेने बघा.

पहिलं काम कसर. ज्या दोन वह्यांना लागलीय त्या आजच बाकीच्यांपासून वेगळ्या करा. कसरीला खळ आवडते, म्हणून ती कात्रणाच्या कडा आणि चिकटवलेली जागा आधी खाते, आणि चकचकीत कागद असेल तर वरचा थरही. कसर जिवंत आहे की जुनी, ते कळायला वही पांढऱ्या कागदावर ठेवून दोन-तीन दिवस झाकून ठेवा, ताजी भुकटी पडली तर जिवंत आहे. जिवंत असेल तर औषध फवारू नका. वही साध्या पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून टेपने घट्ट बंद करा, त्यावर दुसरी पिशवी, आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये साधारण दोन आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक अख्खा दिवस तशीच बंद ठेवायची म्हणजे जे दव धरतं ते पिशवीच्या बाहेर धरतं, कागदावर नाही. फक्त वही कोरडी असली पाहिजे, आणि आत बुरशीचे केसाळ ठिपके दिसत असतील तर आधी मास्क लावा आणि ती वही घरात झटकू नका, बाल्कनीत किंवा गच्चीवर, वारा नसताना, मऊ ब्रशने हळूच.

झटकण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी लोकांना माहीत नसते. जुने बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. बाबांनी एखादी वही बाइंडरकडून शिवून घेतली असेल तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला किंवा पाठीशी हिरवट-निळसर कण दिसतील. मोरचूद विषारी आहे, तेव्हा पानं उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर ती आईलाही सोडायला सांगा, आणि काम झालं की हात साबणाने धुवा. तांब्याचे कण कागदालाही वाईटच, पण ते काढण्याच्या फंदात घरी पडू नका.

साफसफाई म्हणजे एवढंच: मऊ, कोरडा, रुंद ब्रश, पान मधल्या शिलाईकडून बाहेरच्या कडेकडे. ओलं फडकं नको, खोडरबर नको, आणि ऊन तर नकोच. आपल्याकडे पुस्तकांना ऊन दाखवायची पद्धत आहे, धान्याला ती ठीक आहे, वर्तमानपत्राच्या कागदाला एका दुपारचं कडक ऊनसुद्धा महागात पडतं. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, वही थोडी उघडून उभी ठेवली की वास आणि ओल दोन्ही जातात. ज्या वह्या उभ्या राहण्याइतक्या धड नाहीत त्या आडव्याच राहू द्या आणि अधूनमधून पानं उलटा.

सेलोटेप. बाबांनी सत्तरीनंतर डिंक सोडून टेप वापरली असणार, जवळजवळ सगळ्यांनीच वापरली. जुनी टेप दोन प्रकारे वागते. कधी वरची पट्टी सुकून आपोआप सुटते आणि खाली तपकिरी डाग राहतो, तिथे पट्टी बाजूला काढा आणि डाग तसाच राहू द्या, तो घरी निघत नाही. कधी चिकट तेलकट राळ तयार होते आणि ती समोरच्या पानाला धरते, तिथे मध्ये एक सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपरचा तुकडा ठेवा, म्हणजे पानं चिकटायची नाहीत. इस्त्री, हेअर ड्रायर, थिनर, पेट्रोल, यातलं काहीही नाही, यूट्यूबवर कोणीही काहीही दाखवो. आणि नवीन टेप लावायची नाही, ज्या टेपवर जादुई आणि कायम टिकणारी वगैरे लिहिलेलं असतं ती पण नाही. पान फाटलंय म्हणून काही वाईट होत नाही, फाटलेला तुकडा त्याच पानात ठेवा. अगदी दुरुस्त करायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, आणि ते काम शिकलेल्या माणसाकडून.

टाचण्या, स्टेपलर पिना, यू-पिना मात्र काढा. त्या गंजतात आणि गंजाचा डाग पलीकडच्या तीन पानांवर उमटतो. पीन ओढायची नाही, मागची दोन टोकं बोथट सुरीने सरळ करायची आणि मग पुढून उचलायची. रबर बँड असतील तर तेही, ते वितळून कागदात मुरतात.

लॅमिनेशनला मी एवढा विरोध का करते तर त्यात उष्णतेने प्लॅस्टिक कागदात वितळवून बसवलेलं असतं, ते परत निघत नाही, आम्ल आतच कोंडलं जातं, आणि काही वर्षांनी प्लॅस्टिक सुटायला लागलं की कागदाचा वरचा थर छपाईसकट घेऊन येतं. चकचकीत दिसतं म्हणून लोकांना वाटतं सुरक्षित झालं. त्याऐवजी एखादं सुटं कात्रण दिसायला ठेवायचंच असेल तर पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या, दोन कडा उघड्या, आत कात्रण नुसतं सरकवलेलं. स्टेशनरीत मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती शाई ओढून घेतात. सोडा वॉटरमध्ये मिल्क ऑफ मॅग्नेशिया घालून कागदाचं आम्ल काढायची एक घरगुती रेसिपी फिरत असते, ती हस्ताक्षर नसलेल्या सुट्या कात्रणावर एखादवेळ चालेलही, चिकटवलेल्या वहीवर ती केली तर खळ सुटेल, बाबांची शाई वाहील आणि पानं एकमेकांना धरतील. प्रश्नच येत नाही.

एका प्रकारच्या वहीला माझा नियम लागू होत नाही. ऐंशीच्या दशकात ते चिकट पट्ट्यांचे अल्बम आले होते, वर पारदर्शक कागद आणि खाली गोंदाच्या रेघा. त्यात कात्रणं लावली असतील तर पानापानाचा फोटो काढून घ्या, मग वरचं प्लॅस्टिक कापून काढून टाका आणि तिथे पातळ टिश्यू घाला. कात्रणं सहज सुटली तर त्याच क्रमाने चांगल्या कागदाच्या वहीत लावा, सुटत नसतील तर जबरदस्ती नको, प्लॅस्टिक काढलंत तरी निम्मं काम झालं. (आधीच गोंद लावलेल्या पानांची स्क्रॅपबुक ही कल्पना मुळात मार्क ट्वेनची, त्याने १८७३ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं आणि ती चांगली खपलीही. मुंबईच्या जुलैत तिची काय अवस्था झाली असती हे मला नेहमी वाटत राहतं.)

पानांमध्ये टिश्यू घालायचा का असं तुम्ही विचारलंय. सगळीकडे नको. वर्तमानपत्राचं कात्रण समोरच्या पानावर तपकिरी सावली उमटवतं, तेव्हा जिथे समोर हस्ताक्षर आहे किंवा फोटो आहे तिथेच ऍसिड-फ्री टिश्यू घाला. प्रत्येक पानात घातलंत तर वही फुगते आणि पाठ फुटते. साधा बटर पेपर वापरू नका, तो पिवळा पडतो.

बाहेरून गुंडाळायला मांजरपाट. न रंगवलेला, न ब्लीच केलेला, आणि आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ काढलेला, नाहीतर तुम्ही कसरीला जेवण वाढताय. पोथीचं लाल फडकं परंपरेने बरोबर आहे पण ओल लागली की रंग सोडतं, म्हणून रंग न दिलेलंच घ्या. एका फडक्यात एकच वही, गाठ वर न मारता कडेला, आणि वहीचा नंबर पेन्सिलीने लिहिलेली कागदी पट्टी बाहेर दिसेल अशी. खुद्द वहीवर नंबर लिहायचा तर पेन्सिलनेच, आतल्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात.

ठेवायचं कुठे, हा लहान घरातला खरा प्रश्न. माळा नको, स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी होते. बॉक्स बेड नको, तिथे हवा खेळत नाही आणि लादी पुसताना ओल जाते. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, पावसाळ्यात गळणारी बाहेरची भिंतही नको. आतल्या भिंतीला टेकलेल्या कपाटाचा मधला खण, तिथे वह्या आडव्या, एकावर एक तीन-चारच. लोखंडी कपाट वाळवीपासून वाचायला उत्तम, फक्त मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते आणि ६५ च्या वर बुरशीला पोषक होतं, तेव्हा आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, रंग बदलला की काढून वाळवून परत घाला, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत कपाट अधूनमधून उघडून बसा. पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रता मीटर घ्या, डोळ्याने ओल कळत नाही. डांबर गोळ्या घालू नका, तो वास आईच्या तब्येतीला वाईट आणि लहान जागेत तर जास्तच. वेखंडाचे तुकडे किंवा पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत घालून खणात ठेवायला माझी हरकत नाही, जुने लोक पोथ्यांत वेखंड ठेवायचेच, पण पानांच्या मध्ये नाही, डाग पडतात, आणि त्यावर विसंबून तपासणी सोडायची नाही.

तुम्हाला दोनदा सामान हलवायचंय, म्हणून हेही. वह्या टेम्पोत घालू नका. लहान खोक्यांत आडव्या, स्वतःच्या गाडीने किंवा टॅक्सीने, स्वतःबरोबर. पावसात न्यायची वेळ आली तर त्या एका दिवसापुरतं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि पोचल्या पोचल्या काढा. आणि कधी एखादी वही पूर्ण भिजलीच तर पानं सोडवत बसू नका, ओली वही पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका, कारण आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते आणि गोठवल्याने तुम्हाला माणूस शोधायला वेळ मिळतो.

आता फोटो काढणं, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. फ्लॅटबेड स्कॅनरवर वही उलटी दाबली की पाठ मोडते, तेव्हा फोन आणि एक उभा स्टँड. वही पूर्ण सपाट उघडायची नाही, पुठ्ठ्याखाली दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या द्या. खिडकीचा सौम्य उजेड, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. आधी अख्खं पान, कडांसकट, समाससुद्धा, कोरी पानं आणि पुठ्ठेसुद्धा. मग ज्या कात्रणातला मजकूर बारीक असेल तेवढ्याचा जवळून. सुटी कात्रणं फ्लॅटबेडवर करायला हरकत नाही, ती ६०० डीपीआयला करा म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांची जाळी नीट येते, आणि मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठची छपाई पुढे दिसत नाही. फाईलचं नाव 'वही ०३ पान ०४१' असं साधं, सगळीकडे एकच पद्धत. फोटो पिवळे दिसतात म्हणून मूळ फाईलवर रंग सुधारू नका, वाटलं तर कॉपी काढून करा. आणि तीन ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडे हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

फोटो काढताना आईला शेजारी बसवा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. "हा कोण, हे कशावरून कापलं होतं" एवढंच विचारत राहा. ज्या राजकीय विनोदावर तेव्हा सगळं घर हसलं त्यातला माणूस कोण हे आज छापलेल्या मजकुरावरून कळत नाही, आईला ते माहीत असतं. हे काम सामान बांधायच्या आधी करा, नव्या जागेत गेल्यावर ते राहूनच जातं.

तारखा लावणं हा भाग मला मनापासून आवडतो. बाबांनी तारीख लिहिली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर शेजारची जाहिरात बघा. त्यांनी खळ फक्त वरच्या कडेला लावली असेल तर कात्रण अलगद उचलून मागची बाजूही वाचता येते आणि तिथेच खजिना असतो. किंमत आण्यांत असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा बदलाच्या त्या एक-दोन वर्षांतलं. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपास, कारण १९६४ मध्ये 'नये' गळलं. पत्ता 'मुंबई ४' असा असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा, 'मुंबई ४०० ००४' असेल तर पिनकोड आल्यानंतरचा. विनोद दूरदर्शनवरच्या सिनेमाला शेजारपाजारचे घरात गर्दी करतात यावर असेल तर तो २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, मुंबई केंद्र तेव्हा सुरू झालं. 'मुंबई राज्य' शब्द आला तर १ मे १९६० च्या आधीचा. अशी एक वही लावून बघा, बाकीच्या आपोआप ओळीत येतात. हे सगळं एका एक्सेलमध्ये, वही, पान, अंदाजे साल, कुठून कापलं, चित्रकार किंवा लेखक सही दिसत असेल तर, आणि आईचं म्हणणं.

चौदाही ठेवता येणारच नसतील तर कोणत्या ठेवायच्या? इथे बहुतेक लोक उलटं करतात, प्रसिद्ध व्यंगचित्रकारांच्या वह्या ठेवतात आणि किरकोळ वाटणाऱ्या देतात. मी म्हणेन आधी ज्यात बाबांचं लिखाण जास्त आहे त्या. मग ज्यात बंद पडलेली साप्ताहिकं, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, गिरणी-कारखान्यांची कामगार पत्रकं, ज्ञातीची मासिकं यांतली कात्रणं आहेत त्या, कारण मोठ्या दैनिकांच्या फाईली कुठेतरी असतात, यांच्या बहुतेक नसतात. तिसऱ्या नंबरला मोठी दैनिकं आणि दिवाळी अंकांतली, समास कोरे असलेली. भावंडांत वाटायच्या झाल्या तर अख्ख्या वह्या वाटा, पानं नाही. आणि आज वाचताना खटकतील असे विनोद निघतील, बायकांवरचे, कुठल्यातरी जातीवरचे, दाक्षिणात्यांवरचे, ती पानं काढून टाकू नका, त्या काळात घराघरांत कशावर हसत होते ते त्यातूनच कळतं.

घरच्यांसाठी पीडीएफ करून द्यायला काही अडचण नाही, खाजगी वापर आहे. पण पानंच्या पानं फेसबुकवर टाकायच्या आधी थांबा. आपल्याकडे कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, लक्ष्मण २०१५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांना अजून बराच काळ संरक्षण आहे. बाबांचं समासातलं लिखाण मात्र तुमचंच आहे, ते खुशाल टाका.

संस्थेला द्यायच्या झाल्या तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, अशा जुन्या ग्रंथालयांना आधी विचारा. खोकी घेऊन दारात उभं राहू नका, त्यांच्याकडेही जागेची हीच मारामार आहे आणि नाही म्हटलं तर त्यात त्यांचा दोष नाही. एक पानाची ओळख, वह्यांची यादी आणि प्रत्येक वहीतल्या तीन-चार पानांचे फोटो पाठवले तर विचार होतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने यादी न करता एका वाचनालयाला वह्या दिल्या आणि पुढे तिथल्या आवराआवरीत त्या कुठे गेल्या ते कोणालाच सांगता आलं नाही, तेव्हा देताना पोच लेखी घ्या, त्यात वह्यांचे नंबर असू द्या, आणि नको झाल्या तर आधी आम्हाला परत विचारावं असं एक वाक्य घालून घ्या. कोणती वही कोणाकडे गेली त्याची प्रत आईकडे राहू द्या.

आणि कसर लागलेल्या त्या दोन वह्या यापैकी कोणालाही, भावालासुद्धा, फ्रीजरमधून निघेपर्यंत देऊ नका.